चिंचेत घातलेली नळी

"बोल. 'माझ्या डोळ्याने ही नळी बाटली.'"

खोत शाळेच्या वरच्या पायरीवर उभा होता. मी खाली अंगणात. ऊन डोक्यावर आलं होतं, जांभ्याची जमीन तव्यासारखी तापली होती आणि माझ्या पायांत काही नव्हतं. शेजारी माझा बापूस. येताना त्याने पलटणीतला जुना कोट घातला होता. खोताने त्या कोटाकडे नुसतं बघितलं, तेवढ्याने बापसाने तो उतरवून काखेत धरला. खोताच्या मागे हेडमास्तर होते. हेडमास्तरांच्या मागे आमचे सायन्सचे मास्तर. आणि व्हरांड्यात सगळी शाळा, तमाशाला बसावी तशी.

"बोल. 'माझ्या डोळ्याने ही नळी बाटली, आणि बाटली म्हणून आंधळी झाली.' एवढं बोलायचं, पायरीला नाक घासायचं आणि वर्गात जायचं. जास्त काही मागत नाही मी."

खरंच जास्त मागत नव्हता. खोताच्या हिशोबी ती मेहेरबानी होती. बापसालाही ती मेहेरबानीच वाटली. तो माझ्या कानाशी म्हणाला, "बोल रे बाबू. बोलल्यानं तोंड काय झिजत नाय."

माझं तोंड उघडत नव्हतं. भीतीने नाही. भीती होतीच, पण तोंड मिटलं होतं ते दुसऱ्याच कारणाने. ते कारण सांगायचं तर आधी ती नळी सांगायला हवी.

नळी पितळेची. बोटभर लांब, दोन भागांची. मागचा भाग धरायचा, पुढचा फिरवायचा. दोन्ही भागांत एकेक स्फटिकाचा तुकडा, आइसलँड म्हणून कुठला बर्फाचा मुलूख आहे तिथला. मुंबईहून खोताने ती शाळेला आणून दिली होती. त्याचा मुलगा दिगू माझ्याच वर्गात होता. खोताच्या आंब्याच्या बागा, शहरात घर, आणि शहराबाहेर आमची महारांची वाडी होती ती जमीनही त्याचीच. म्हणजे मी शिकायचो ती नळी त्याची, मी झोपायचो ती जागाही त्याची.

सन तीसनंतरची ही गोष्ट. रत्नागिरीत तेव्हा सुधारणेचं वारं होतं. सभा व्हायच्या, सहभोजनं व्हायची. मुलांना शाळेत एकत्र बसवा असा सरकारचा हुकूमही आला होता. शाळेने हुकूम पाळला, आपल्या पद्धतीने. माझा बाक वर्गात नाही आणि अंगणातही नाही, तर व्हरांड्यात, खिडकीला लागून ठेवला. कुणी तपासायला आला की बाक उंबऱ्याच्या आत सरकवायचा. तो सरकवायचा मीच. साहेब गेला की बाहेर ओढायचा, तोही मीच.

खिडकीला लोखंडी उभे गज होते. त्या गजांतून मी भूमिती शिकलो, इंग्रजी शिकलो, सायन्स शिकलो. फळ्याचा अर्धा भाग दिसायचा. उरलेला मास्तरांच्या बोलण्यावरून जुळवायचा.

सायन्सचे मास्तर तरुण होते. मुंबईहून शिकून आलेले. त्यांच्याबद्दल खोटं बोलणार नाही, शिकवायचे फार सुंदर. सभेत आमच्या बाजूने बोलायचे. एकदा आमच्या वाडीत येऊन माझ्या आयशीच्या हातचा चहा प्याले होते. मग तो चहा त्यांनी किती सभांत सांगितला. आई म्हणायची, "एक कप प्याले, पण त्यांनी तो गावभर वाटला." तरी मला ते देव वाटायचे. हसू नका. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला कुणीतरी देव लागतोच.

त्या दिवशी मास्तरांनी काथ्याचा दोर आणला होता. दोराचं एक टोक त्यांनी खिडकीच्या गजांतून बाहेर माझ्याकडे सोडलं.

"धर. घट्ट धर. बरं झालं तू बाहेर आहेस."

दुसरं टोक आत दिगूला दिलं. दिगू म्हणाला, "मास्तर, दोर ओला तर नाही ना?" ओल्यातून विटाळ चढतो, सुक्यातून चढत नाही, हे शास्त्र त्याला घरून पाठ होतं. मास्तर हसले. दिगूने खिशातून रुमाल काढला आणि रुमालाने दोर धरला. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. हसायची सवय लागलेली असते.

"आता उभा हलव," मास्तर मला म्हणाले. मी दोर खालीवर झटकला. लाट उठली, दोन गजांच्या फटीतून सरळ आत गेली आणि दिगूच्या हाताला झटका बसला. "आता आडवा हलव." मी डावीउजवीकडे झटकला. लाट गजावर आपटली आणि तिथेच मेली. आत दोर गप्प पडलेला.

मग मास्तर बोलायला लागले. प्रकाश ही अशीच लाट आहे. पण तिच्यात दोर हलत नाही, हवा हलत नाही. तिच्यात विजेचं क्षेत्र हलतं आणि चुंबकाचं क्षेत्र हलतं. दोन्ही एकमेकांना काटकोनात, आणि दोन्ही लाट जिकडे चालली त्या वाटेला आडवी. सूर्याच्या उजेडात हे विजेचं क्षेत्र सगळ्या दिशांनी हलत असतं. उभं, आडवं, तिरकं, कसंही. कुठली दिशा उच्च नाही, कुठली नीच नाही. नळीतला पहिला स्फटिक मात्र निवड करतो. एकाच दिशेचं हलणं पुढे सोडतो. बाकीचं बाजूला फेकतो, ते नळीच्या काळ्या भिंतीत जिरून जातं. आणि पुढचा स्फटिक काटकोनात फिरवून धरला, तर त्या सोडलेल्यालाही वाट मिळत नाही. सगळा काळोख.

मी गज धरून ऐकत होतो. मला एक गोष्ट कळत नव्हती. ती कळली नाही तर रात्री झोप लागणार नाही असं वाटलं. मी हात वर केला. व्हरांड्यातून हात वर करायला मला बंदी नव्हती, पण कुणी बघायचं नाही एवढंच.

त्या दिवशी मास्तरांनी बघितलं. "विचार."

"मास्तर, स्फटिकाने विजेचं क्षेत्र अडवलं. मग चुंबकाचं राहिलं की. ते काटकोनात आहे. ते एकटं पलीकडे जातं का?"

मास्तर टेबलावर हात आपटून म्हणाले, "शाबास. हा प्रश्न मला कॉलेजात सुचला नव्हता."

आणि त्यांनी उत्तर दिलं. अजून शब्दन् शब्द लक्षात आहे. "नाही जात. एकटं राहतच नाही ते. विजेचं क्षेत्र हलतं म्हणून चुंबकाचं उठतं, चुंबकाचं हलतं म्हणून विजेचं उठतं. एक दुसऱ्याच्या जिवावर. विजेच्या क्षेत्राला स्फटिकाने एका रेषेत बांधलं की चुंबकाचंही आपोआप बांधलं जातं, तिच्याशी काटकोनातल्या रेषेत. विजेचं मारलं की चुंबकाचंही मेलं. अर्धा प्रकाश मारता येत नाही." मग म्हणाले, "तू आत ये. तूच बघ."

मी उंबऱ्याकडे बघितलं. दोन वर्षं त्या खोलीत कधी पाय टाकला नव्हता. साहेब येतो तेव्हा बाक आत सरकवायचो, तो दुसऱ्या वर्गात. सायन्सच्या खोलीत नाही, तिथे सामान असतं.

"ये रे. बघतोस काय?"

मी गेलो. मास्तरांनी नळी माझ्या हातात ठेवली. ठेवली म्हणतो मी. वरून टाकली नाही. मला वस्तू वरून झेलायची सवय होती, म्हणून मी ओंजळ पुढे केली होती, आणि त्यांची बोटं माझ्या ओंजळीला लागली. मला रडू फुटणार होतं. मी पटकन नळी डोळ्याला लावली.

खिडकीबाहेर माडाच्या शेंड्यावर एक पांढरा ढग होता. नळीत तो गोल दिसला, थोडा मंद. मी पुढचा भाग फिरवायला लागलो. ढग विझत गेला. संध्याकाळ झाल्यासारखा. आणखी फिरवला, काळाकुट्ट. भर दुपारी, सूर्य डोक्यावर, माझा डोळा उघडा, आणि समोर अमावास्या. मी डोळा काढला, ढग जागच्या जागी होता. पुन्हा लावला, काळोख. आणखी फिरवला, आणि ढग परत आला. एवढा आनंद मला आयुष्यात त्याआधी झाला नव्हता आणि त्यानंतरही झालेला नाही. मी मोठ्याने हसलो वर्गात.

"आता दिगू," मास्तर म्हणाले.

दिगूने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"उष्टी झाली ती."

"काय?"

"त्याने डोळ्याला लावली. डोळ्याचं पाणी लागलं तिला. मी नाही लावणार." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ए म्हारा, माझ्या बाबांची नळी आहे ती. हसतोस काय दात काढून?"

मास्तरांनी नळी माझ्या हातातून घेतली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता ते बोलतील. सभेत बोलतात तसं. ते दिगूला म्हणाले, "बरं, बरं. उद्या बघू." मी व्हरांड्यात जाऊन बसलो.

त्या उद्याला नळी शाळेत नव्हती. खोताने माणूस पाठवून घरी नेली होती. तिसऱ्या दिवशी ती परत आली, आणि दिगूने सगळ्या वर्गासमोर तिची कथा सांगितली. दडवादडवी काही नाही, उलट अभिमानाने. "आईने शुद्ध केली. रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवली, सकाळी राखेने घासली, वर गोमूत्र शिंपडलं. बघा कशी लखलखते."

लखलखत होतीच. आमच्याकडे बाटलेलं मातीचं भांडं फोडतात आणि बाटलेलं पितळ चिंच-राखेने घासतात. पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. खोतीणबाईंनी नळीचं तेच केलं जे त्या तांब्याचं करतात. आत दगडाचा डोळा आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आता हे ऐका. त्याच्या आदल्याच महिन्यात मास्तरांनी आम्हाला खाडीतल्या तिसऱ्याच्या शिंपलीवर लिंबू पिळून दाखवलं होतं. शिंपलीवर बुडबुडे आले, चकाकी गेली, पांढरं किटण राहिलं. आंबटाने हे होतं, ते म्हणाले. लिंबू, चिंच, आमसूल, कशानेही. शिंपली, खडू, संगमरवर आणि आइसलँडचा स्फटिक, सगळी एकाच जातीची. 'जातीची' हा शब्द त्यांचा. तेव्हाही ते हसले होते.

दिगू बोलत होता तेव्हा मी मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यांनी नळी घेतली, खिडकीशी आले, माझ्यापासून हातभर अंतरावर. डोळ्याला लावली. फिरवली. पुन्हा फिरवली. धोतराच्या सोग्याने पुसली आणि पुन्हा लावली. मग त्यांची आणि माझी नजर एक झाली. त्यांना कळलं होतं. मला कळलं होतं. मला कळलं हेही त्यांना कळलं होतं. त्यांनी नळी डबीत घातली, डबी कपाटात ठेवली आणि फळ्यावर दुसराच धडा लिहायला घेतला.

तेव्हाच बोलले असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. "खोतसाहेब, चिंचेने स्फटिक गेला, दुसरा मागवा." इतकं साधं. पण खोताच्या बायकोचं सोवळं चुकलं हे खोताला सांगायचं कुणी?

शिक्षण खात्याचा साहेब शाळा तपासायला आला. खोत जरीचा रुमाल बांधून हजर. मी बाक उंबऱ्याच्या आत सरकवून बसलो होतो, रिवाजाप्रमाणे. खोताने स्वतःच्या हाताने साहेबाला नळी दिली. साहेबाने ती डोळ्याला लावली आणि फिरवली. पूर्ण एक वेढा फिरवली. काळोख झालाच नाही. कसा होणार? मोतीबिंदू पडलेल्या डोळ्यासारखे झाले होते ते स्फटिक. कसंही धरा, आत नुसतं पांढुरकं ताक. साहेबाने नळी परत दिली आणि मिशीत हसला. गोऱ्या माणसाचं ते हसू खोताच्या जिव्हारी लागलं. आयुष्यभर त्याच्याकडे बघून असं कुणी हसलं नव्हतं.

साहेबाची गाडी वळणापार होईतो खोत थांबला. मग हेडमास्तरांना म्हणाला, "त्या म्हाराने डोळा लावला होता ना हिला?"

तिथून मी अंगणात आलो. माणूस पाठवून बापसाला वाडीवरून बोलावून आणलं. तो धापा टाकत आला. आला तो लांबूनच वाकला, "जोहार, मायबाप."

आता पुन्हा त्या पायऱ्यांशी या.

"बोल," खोत तिसऱ्यांदा म्हणाला.

"बोल रे बाबू," बापूस म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. हा माणूस लढाईत तोफांच्या माऱ्याखाली उभा राहिलेला. त्याच्या छातीवर बिल्ला होता, तो आता कोटाबरोबर काखेत गेला होता. "माझ्यासाठी बोल."

ते वाक्य मी जुळवून पाहिलं. खरं सांगतो, मी बोलणार होतो. ओठ हलले होते. 'माझ्या डोळ्याने ही नळी' इथपर्यंत जिभेवर आलं होतं. आणि मला तो ढग आठवला. माझ्या डोळ्याने ही नळी बाटली. कुठल्या डोळ्याने? ज्याने मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी बघितलं, त्या डोळ्याने? हे मी बोललो असतो तर बघितलेलं सगळं खोटं झालं असतं. शाळा राहिली असती, डोळा गेला असता. म्हणून तोंड मिटलं.

मग उघडलं. "नळी चिंचेने गेली," मी म्हणालो. "तुमच्या घरी रात्रभर चिंचेत होती. आंबटाने हा दगड जातो. मास्तरांनी शिकवलंय. मास्तरांना विचारा."

खोत सावकाश मागे वळला. "काय हो मास्तर? खरं का हे?"

सगळी शाळा मास्तरांकडे बघत होती. मी बघत होतो. मी तर असा बघत होतो जसा वाडीतला माणूस पावसाची वाट बघतो. त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"तसं निश्चित काही सांगता येत नाही," ते म्हणाले.

शिंपलीवरचे बुडबुडे ज्या पोरांनी मोजले होते त्यातलं एकही पोर हललं नाही. दिगू हसला.

खोत पायरी उतरून खाली आला. हातातल्या काठीचं टोक माझ्या हनुवटीखाली लावून त्याने माझं तोंड वर केलं. हात लावायचा नव्हता ना त्याला. "माझ्या घरच्या बायकांना शिकवतोस? हेडमास्तर, ह्याचं नाव काढा." मग काठी बापसाकडे वळली. "आणि तू. वाडीतली जागा मोकळी कर. माझी माणसं येणार नाहीत. तुझं घर तुझ्या हाताने उपटायचं."

बापूस त्याच्या पाया पडला. म्हणजे पायांपासून दोन हात लांब, धुळीत. खोत धुळीवरून निघून गेला.

घर आम्ही उपटलं. बापूस वर चढून झावळ्या खाली टाकायचा, मी आणि आई गोळा करायचो. मातीच्या भिंती ओल्या करून पाडल्या. छपराच्या ज्या मेढीला धरून मी चालायला शिकलो ती बापसाने कुऱ्हाडीने तोडली. वाडीतले लोक लांब उभे राहून बघत होते. त्यांचीही घरं त्याच जमिनीवर होती, त्यांना दोष कसा देऊ? बापूस माझ्याशी बोलत नव्हता. फक्त एकदा वरून म्हणाला, "एक वाक्य होता रे. एका वाक्यापायी घर गेला." मी खाली पडलेली झावळी उचलली. त्याचं चुकत नव्हतं आणि माझंही चुकलं नव्हतं. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात तेव्हा माणूस फार एकटा पडतो.

तिन्हीसांजेला मास्तर आले. काजूच्या झाडाखाली थांबून त्यांनी मला खूण केली. आईने त्यांना बघितलं आणि तोंड फिरवलं. चहा करायला चूलच नव्हती.

"माझी स्थिती समजून घे," मास्तर म्हणाले. "मी बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती. आणि मग तुमच्यासाठी ह्या गावात बोलायचं कुणी?"

मी हातावरची माती झाडली.

"तू हुशार आहेस. मुंबईत माझ्या ओळखी आहेत. बघतो काहीतरी." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि दुसरी नळी मागवायची आहे. आली की तुला दाखवीन. तुला एकट्याला. संध्याकाळी ये, शाळा सुटल्यावर. कुणी नसताना."

खोताच्या काठीने झालं नाही ते ह्या वाक्याने झालं. काठी हनुवटीला लागली होती, हे आत लागलं. हा माणूस मला देव वाटत होता. आणि हा माझ्यावर माया करत होता, हेही खरं होतं. पण त्याची माया कुणी नसतानाची होती. त्याला जे माहीत होतं तेही कुणी नसतानाच माहीत होतं.

"मास्तर," मी म्हणालो, "कुणी असताना दाखवा."

ते वळले आणि अंधारातून शहराकडे गेले.

रात्रभर मी उपटलेल्या घराच्या ढिगाशी बसून होतो. नळीचाच विचार करत होतो. नळीत काळोख झाला होता तेव्हा बाहेर उजेड संपला नव्हता. ढग होता, सूर्य होता. कुणीतरी पुढचा स्फटिक आडवा धरला होता, एवढंच. आणि धरणारा मीच होतो, म्हणून मला तो फिरवता आला. फिरवायला नळी हातात असावी लागते. आणि ती हातात कधी आली? मास्तरांनी दिली तेव्हा. देणाऱ्याला उत्साह आला तेव्हा. एकदा दिली, आणि त्यासाठी घर गेलं. म्हणजे देण्याची वाट बघण्यात काही राम नाही.

सकाळी बापूस आणि आई बोचकी घेऊन देवरूखच्या वाटेला लागली, मावशीकडे. मी म्हटलं, मी मागून येतो. कुठे जातोस ते बापसाने विचारलं नाही.

मी शाळेत गेलो. मागून नाही, चोरून नाही. पहिला तास चालू होता. सायन्सचाच. अंगण ओलांडलं, ज्या पायरीला नाक घासायचं होतं तिच्यावर पाय दिला, उंबरा ओलांडून सरळ खोलीत शिरलो. मास्तर खडू हातात धरून तसेच राहिले. मी कपाट उघडलं. डबी काढली, नळी काढली. सगळ्या वर्गाकडे तोंड करून उभा राहिलो आणि नळी डोळ्याला लावली. ह्या डोळ्याला, मग त्या डोळ्याला. फिरवली. आत ताकच होतं. पुरता एक वेढा मी ते ताक बघितलं आणि मग नळी टेबलावर ठेवली.

"आता पुन्हा धुवा," मी म्हणालो.

मग टेबलावर दोन्ही तळवे टेकले. "हे धुवा." मास्तरांच्या खुर्चीवर हात ठेवला. "ही धुवा." फळ्यावरून हात फिरवला, खडू माझ्या पंज्याला लागला. पहिला बाक. दुसरा बाक. पोरं बाकांवरून उठून भिंतीला चिकटत होती. दिगूची दौत, दिगूची टोपी. खिडकीचे गज आतून. इतकी वर्षं बाहेरून धरले होते, ते आतून धरले. पाण्याचा माठ कोपऱ्यात होता. त्यात हात बुडवला, मनगटापर्यंत, आणि ते ओलं मनगट दाराच्या चौकटीवर पुसलं.

"चिंच कमी पडली तर सांगा," मी म्हणालो. मास्तरांकडे बघून म्हणालो. ते खाली बघत होते.

मला अंगणात गाठलं. शिपाई होता, मोठ्या वर्गातली पोरं होती, खोताचा एक गडी होता. मारायला मात्र त्यांना हात चालले. लाथा चालल्या. त्या वेळी कुणाला विटाळ झाला नाही. उजवा हात पायरीवर ठेवून त्यावर कुणीतरी टाच दिली. कोण ते दिसलं नाही, डोळ्यांत रक्त होतं. एक बोट तेव्हा मोडलं ते मोडलंच. आजही वाकत नाही.

बाकीची वाकतात. देवरूखला पाणवठ्याला मी तीच लावली. दुकानाच्या फळीला लावतो, पैसे वरून टाकले तर उचलत नाही. देवळाच्या पायरीला लावली तेव्हा पुन्हा मार खाल्ला आणि पुन्हा लावली. लोक सांगतात, सबुरी धर, हळूहळू देतील. कुणी मायेने सांगतात, अमुक साहेब आपल्या बाजूचे आहेत, एकटे असले की फार चांगलं बोलतात. एकट्याने बोलणाऱ्यांशी माझं काही काम नाही.

मी मागणार नाही. ओंजळ पुढे करणार नाही. ज्याला त्याला हात लावत जाणार, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत, आणि प्रत्येक वेळी सांगणार की धुवा. रात्रभर भिजत घाला, राखेने घासा, घासून घासून तुमचीच वस्तू आंधळी होईतो घासा. ह्या जिल्ह्यात चिंच किती पिकते ते मला माहीत आहे. ती संपेल. माझा हात तोवर लागलेला असेल.